दोन पिशव्यांच्या मधे

२०१६च्या ऑक्टोबरात आई आमच्याकडे फ्रीमाँटला आली होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या मतपत्रिका टपालाने घरी आलेल्या. त्या वर्षी कॅलिफोर्नियात राज्यभरासाठी १७ प्रस्ताव होते आणि ते समजावून सांगणारी सरकारी पुस्तिका दोनशेहून जास्त पानांची. शनिवारी दुपारी जेवणं उरकून नवरा आणि मी टेबलावर पेनं घेऊन बसलो आणि आई समोर मेथी निवडत बसली. एकेक प्रस्ताव मी तिला मराठीत सांगत होते. शाळांसाठी कर्जरोखे, सिगारेटवर कर, औषधांच्या किमती. ६० क्रमांकाचा प्रस्ताव प्रौढांच्या चित्रपटांत काम करणाऱ्यांनी निरोध वापरावा की नाही याबद्दल होता, तो मी मनातल्या मनात वाचून पुढे गेले. मग ६२ आला. फाशीची शिक्षा रद्द करून त्याऐवजी परोलशिवाय जन्मठेप ठेवावी का? आईचा हात थांबला. "म्हणजे हे तुम्हाला विचारतायत? फाशी ठेवायची की नाही?" म्हटलं, हो, लोकांनाच विचारतात. ती पुन्हा मेथीकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, "ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांच्याकडेही हाच कागद येतो?" म्हटलं, हाच. "मग त्यांनी काय करायचं त्याचं?"

तिला उत्तराची अपेक्षा नव्हती. नवरा म्हणाला, "आई, त्यांनाही एकच मत असतं," आणि आम्ही पुढचा प्रस्ताव वाचायला घेतला. पण तो प्रश्न मला चिकटला. मतपत्रिकेवर याच विषयाचा उलट दिशेचा आणखी एक प्रस्ताव होता, ६६ नंबरचा. फाशी ठेवा आणि लवकर द्या, अपिलं पाच वर्षांत संपवा, असं तो म्हणत होता. दोन्ही मंजूर झाले असते तर ज्याला जास्त मतं तो लागू. गंमत त्याच्या जागेची. ६५ नंबरचा प्रस्ताव दुकानात पिशवीसाठी घेतलेले दहा सेंट कुठे जावेत याबद्दल, ६७ नंबरचा प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी राहावी का याबद्दल, आणि या दोन पिशव्यांच्या मधे माणसांना मारण्याचा वेग. तेच काळ्या शाईचं पेन, तेवढीच खूण. पिशव्यांबद्दल आम्ही दोघांनी जास्त वेळ चर्चा केली, कारण तिथे आमचं एकमत होण्याची शक्यता होती.

फाशीवर मात्र आमची मतं एकमेकांना कापून गेली.

निकालही तसाच लागला. रद्द करण्याच्या बाजूने साधारण ४७ टक्के, वेग वाढवण्याच्या बाजूने ५१. खाडीकाठच्या काउंट्यांनी एक सांगितलं, आतल्या सेंट्रल व्हॅलीने दुसरं. त्याआधी २०१२मध्ये फाशी रद्द करण्याचाच ३४ क्रमांकाचा प्रस्ताव, प्रॉप ३४, चार टक्क्यांनी पडला होता. त्या वेळी रद्द करण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांत डोनाल्ड हेलर होते. १९७८चा फाशीचा कायदा ज्यांनी शब्दशः लिहिला तेच हे हेलर. आणि जीन वुडफोर्ड होत्या, सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या माजी वॉर्डन, ज्यांच्या देखरेखीखाली चार माणसांना मृत्युदंड दिला गेला होता. कायदा लिहिणारा आणि तो हाताने अमलात आणणारी, दोघंही "नको" म्हणत होते. लोक म्हणाले, राहू द्या.

आईच्या बोलण्यात तिचं पुणं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण कळलं. १९७६च्या हिवाळ्यात मी सात वर्षांची होते. आधी जोशी कुटुंबाचे खून झाले, मग अभ्यंकर कुटुंबाचे. ती नावं पुण्यात आजही जोडीनेच घेतली जातात. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा एरवी रात्री दहापर्यंत उघडा असायचा, तो संध्याकाळी सातला बंद व्हायला लागला. वडील दारावर आतून लोखंडी आडणा टाकायचे त्याचा आवाज अजून कानात आहे. बेल वाजली की आई आधी विचारायची "कोण?", आणि ओळखीचा आवाज आला तरी पुन्हा विचारायची. शेजारच्या काकू वडी करपेपर्यंत दार उघडत नव्हत्या, इतक्या घाबरलेल्या. १९८३मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली तेव्हा मी नववीत होते. आईने बातमी पूर्ण वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "त्यांच्याही आया असतील." मग लगेच, तितक्याच शांतपणे: "सुटलो." ही दोन वाक्यं तिने एकापाठोपाठ उच्चारली आणि दोन्ही खरी होती. मी त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं, पण त्या दोन वाक्यांतलं कुठलं खोडायचं ते मला कोणी दाखवू शकलेलं नाही.

सॅन क्वेंटिन रोज दिसत नाही, पण दिसतं तेव्हा नजर हटत नाही. रिचमंडहून सॅन राफेलकडे पूल उतरताना डाव्या हाताला पाण्याच्या काठावर पिवळट भिंतींचा तो पसारा. लार्क्सपरची फेरी तर त्याच्या इतकी जवळून जाते की पर्यटक किल्ला समजून फोटो काढतात. मरिन काउंटीतली ती जागा बिल्डरला दिली तर काय भाव येईल याचे अंदाज आमच्याकडे पार्टीत लोक हसत हसत करतात. मीही केलेत. १८५२ पासूनचा हा तुरुंग. १९३८ साली तिथे गॅस चेंबर बसवलं, फिकट हिरव्या रंगाचं. आतल्या ईस्ट ब्लॉकमध्ये पाच मजली कोठड्या आणि तिथे अनेक वर्षं देशातले सगळ्यात जास्त मृत्युदंडाचे कैदी होते. १९७८ नंतर या राज्याने प्रत्यक्षात १३ जणांना मारलं. आजारपण, म्हातारपण आणि आत्महत्या यांनी त्या रांगेत मेलेल्यांची संख्या शंभराच्या वर आहे. एका न्यायाधीशाने आणि एका कायद्याच्या प्राध्यापिकेने २०११मध्ये हिशेब केला, तेव्हा १९७८ पासूनचा खर्च चार अब्ज डॉलर निघाला होता. म्हणजे माणशी ३० कोटी डॉलरहून जास्त. मला आकड्यांपेक्षा एक खोली जास्त आठवते. न्यायालयाने जुन्या खोलीला नावं ठेवली म्हणून राज्याने २०१०मध्ये साडेआठ लाख डॉलर खर्चून इंजेक्शनसाठी नवी खोली बांधली. ऐसपैस, प्रकाश चांगला, साक्षीदारांना बसायला वेगवेगळ्या जागा. त्या खोलीत आजवर एकही माणूस मेला नाही.

या गोष्टीत एक बाप-लेकाची जोडी आहे, आणि ती मला सगळ्या आकडेवारीपेक्षा जवळची वाटते. १९६०च्या फेब्रुवारीत पॅट ब्राउन गव्हर्नर होते आणि कॅरिल चेसमन नावाच्या कैद्याची तारीख उजाडत होती. चेसमनने कोणाचा खून केलेला नव्हता. अपहरण आणि अत्याचार यांवर त्या वेळच्या कायद्याने त्याला मृत्युदंड दिला होता. बारा वर्षं तो स्वतःच स्वतःची केस लढत होता. आदल्या रात्री गव्हर्नरांचा मुलगा जेरी, वय एकवीस, नुकताच जेझुइट सेमिनरी सोडून बर्कलीत शिकायला आलेला, त्याने वडिलांना फोन केला. थांबवा म्हणाला. वडिलांनी साठ दिवस थांबवलं आणि विधिमंडळाला सांगितलं की हा कायदाच रद्द करा. विधिमंडळाने नकार दिला. मे महिन्यात चेसमनला चेंबरमध्ये नेलं. शेवटच्या क्षणी एका न्यायाधीशाने थोडा वेळ मागण्याचं ठरवलं, त्यांच्या सेक्रेटरीचा फोन पहिल्यांदा चुकीच्या नंबरवर लागला, आणि बरोबर लागला तोवर सायनाइड पडलेलं होतं. पॅट ब्राउन यांच्यासमोर एकूण ५९ प्रकरणं आली. २३ जणांना त्यांनी वाचवलं, ३६ जणांना जाऊ दिलं. मी हे आकडे वाचते तेव्हा मला त्या ३६ फाइली उघडून बसलेला, मुलाचा आवाज कानात असलेला माणूस दिसतो. आणि तोच मुलगा पुढे स्वतः गव्हर्नर झाला. १९७७मध्ये त्याने फाशी परत आणणारं विधेयक नाकारलं, विधिमंडळाने त्याचा नकार ओलांडला. तो ॲटर्नी जनरल झाला तेव्हा त्याच्या कचेरीने न्यायालयात फाशीची बाजू मांडली. पुन्हा गव्हर्नर झाला, आठ वर्षं राहिला, आणि २०१९च्या जानेवारीत ऐंशीव्या वर्षी खुर्ची सोडली तेव्हा मृत्युदंडाच्या रांगेत सातशेहून जास्त माणसं तशीच होती. बऱ्याच लोकांनी त्याला जाता जाता सगळ्यांची शिक्षा बदलून जा म्हणून विनवलं होतं. ज्याने वडिलांना फोन केला त्याला फोन करणारं घरात कोणी नव्हतं, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. तो थोडा नाटकी आहे, मान्य.

मधला इतिहास मी भराभर सांगते, कारण तो गोल फिरतो. १९७२च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरवली आणि शंभरावर कैद्यांची शिक्षा बदलली, त्यात खुनी टोळीचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सनही सुटला, म्हणजे मरणातून. नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून राज्यघटनाच बदलली. १९७८मध्ये आणखी मतदान करून कायदा रुंद केला. रोझ बर्ड या सरन्यायाधीशांनी समोर आलेल्या एकूण एक मृत्युदंडाविरुद्ध मत दिलं, तर १९८६मध्ये लोकांनी त्यांनाच मतदानाने घरी पाठवलं, सोबत आणखी दोन न्यायमूर्ती. इथले लोक मवाळ आहेत, समुद्रकाठचे, सगळं चालतं म्हणणारे, असं बाहेरून वाटतं. या एका बाबतीत ते चाळीसहून जास्त वर्षं कडक खूण करत आलेत.

पण प्रत्यक्ष हात कोण लावणार?

२००६च्या फेब्रुवारीतली एक रात्र. न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी सांगितलं होतं की इंजेक्शनच्या वेळी कैदी खरोखर बेशुद्ध आहे याची खात्री करायला भूलतज्ज्ञ हवेत. दोन डॉक्टर तयार झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की कैदी मधेच शुद्धीवर आला किंवा त्याला वेदना झाल्या तर नुसतं बघत बसायचं नाही, हस्तक्षेप करायचा आहे. ऐन वेळी दोघांनी अंग काढून घेतलं. न्यायालयाने दुसरा पर्याय दिला: परवानाधारक व्यक्तीने येऊन एकच औषध टोचावं. संपूर्ण कॅलिफोर्नियातून कोणी पुढे आलं नाही. वॉरंटची मुदत संपली. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, ७६ वर्षांच्या, आंधळ्या, व्हीलचेअरवरच्या क्लॅरेन्स रे ॲलनला मारलं होतं, तोच इथला शेवटचा. लोक २०१९ची स्थगिती म्हणतात तेव्हा मला वाटतं की स्थगिती खरी त्या रात्री लागली. दोन डॉक्टरांनी दाराशी पाऊल मागे घेतलं, आणि पुढची तेरा वर्षं राज्य त्यांच्या मागे उभं राहून कायद्याचे कागद चाळत राहिलं.

१३ मार्च २०१९ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी फाशी थांबवणाऱ्या त्या स्थगितीवर सही केली. तुरुंगातले कामगार खोलीतलं सामान उचलून बाहेर नेत असल्याची छायाचित्रं त्या दिवशी सगळीकडे होती. संध्याकाळी नवरा घरी आला तो चिडूनच. "मतं कशाला मागता मग? दोनदा विचारलंत, दोनदा सांगितलं." मी त्याच्याशी वाद घालायला तयार होते, पण या मुद्द्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. माझ्या मताच्या विरुद्ध गेलेला निकाल एका माणसाने बाजूला सारला आणि मला बरं वाटलं. उद्या दुसऱ्या विषयावर असंच झालं तर मी रस्त्यावर उतरेन. शिवाय त्या सहीने शिक्षा रद्द झालीच नाही. राज्यघटनेप्रमाणे ज्याच्यावर दोनदा गंभीर गुन्हा शाबीत झालाय त्याची शिक्षा गव्हर्नरला एकट्याने बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताची शिफारस लागते. म्हणून न्यूसम यांनी सगळ्यांना दिली ती तात्पुरती सवलत. ती गव्हर्नरसोबत येते आणि त्याच्यासोबत जाते. सरकारी वकील मृत्युदंड मागतच राहिले. सहीनंतर महिन्याभरातच चार काउंट्यांच्या वकिलांनी एका जुन्या, कुप्रसिद्ध खुन्याच्या खटल्यात मृत्युदंड मागणार असं जाहीर केलं. पुढे तो कबुलीजबाब देऊन जन्मठेपेवर सुटला, ते वेगळं.

मार्क क्लास त्या दिवशी टीव्हीवर संतापलेले दिसले. १९९३मध्ये पेटालुमाच्या घरातून, मैत्रिणी रात्री राहायला आल्या असताना, त्यांच्या बारा वर्षांच्या पॉलीला एका माणसाने सुरा दाखवून नेलं आणि मारलं. खटला आमच्या शेजारी सॅन होजेत चालला, १९९६मध्ये मृत्युदंड झाला. तो माणूस अजून जिवंत आहे. २०२४मध्ये नव्या कायद्याच्या आधाराने त्याने शिक्षा बदलून मागितली, तेव्हा त्या कुटुंबाला पुन्हा कोर्टात येऊन बसावं लागलं. न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. मी फाशीच्या विरुद्ध आहे आणि क्लास यांचं बोलणं ऐकताना मान खाली घालते. मला वाटतं या थांबवलेल्या शिक्षेची सोय आपणा सगळ्यांना झाली. मतदाराला कडकपणा मिळाला, गव्हर्नरला दया मिळाली, सरकारी वकिलाला तडजोडीसाठी धाक मिळाला. ती शिक्षा शब्दशः खरी मानून वाट बघत राहिले ते फक्त दोन प्रकारचे लोक, कोठडीतले आणि मेलेल्यांच्या घरातले. जन्मठेप म्हणून निकाल लागला असता तर क्लास कुटुंबाला निदान तारखा तरी मोजाव्या लागल्या नसत्या. हे मी त्यांच्या वतीने म्हणते आहे, आणि त्यांनी मला ते म्हणायला सांगितलेलं नाही.

माझी एक मैत्रीण राज्याच्या दक्षिण भागात राहते. स्थगितीनंतर तिला ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं आणि खटला मृत्युदंडाचा निघाला. जाडजूड प्रश्नावली भरायला दिली. तुमचं फाशीबद्दल मत काय, आणि तुम्ही स्वतः तशी शिक्षा देऊ शकाल का. तिने प्रामाणिकपणे लिहिलं, मला जमणार नाही. तिला घरी पाठवलं. कायदाच तसा आहे. नुसता विरोध असणाऱ्याला काढता येत नाही, पण माझ्याच्याने होणारच नाही म्हणणाऱ्याला काढतात. मग बाकावर उरतात ते ज्यांना जमेल ते, आणि त्यांच्या निर्णयाला समाजाचा विवेक म्हणतात. न्यायाधीश ज्यूरीला हेही सांगू शकतात की तुम्ही द्याल ती शिक्षा अमलात येणार असंच धरून चाला. गव्हर्नरने खोली बंद केली आहे हे बाहेर सगळ्यांना माहीत, आत बारा जणांनी ते माहीत नसल्यासारखं बसायचं. मैत्रीण म्हणाली, "सुटले म्हणून हायसं वाटलं, आणि पार्किंगमध्ये आल्यावर राग आला. माझ्यासारख्यांना काढूनच बारा मोजणार असतील तर विचारतात कशाला?" मी तिला विचारलं, तू आत बसली असतीस आणि पुराव्यात पॉलीसारखी मुलगी असती तर? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणूनच लिहिलं ना, जमणार नाही. जमलं असतं याची भीती वाटली."

माझ्या बाजूच्या लोकांचं आवडतं अस्त्र म्हणजे निर्दोष माणूस. आणि ते खोटं नाही. २०१८मध्ये मेक्सिकोतून आलेला एक शेतमजूर पंचवीस वर्षांनी सुटला, कारण त्याला दोषी ठरवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या वेळी आम्हाला पूर्ण कागद दाखवलेच नव्हते. पण १९८३च्या एका हत्याकांडातला दुसरा कैदी आहे. २००४मध्ये तो मरणापासून काही तासांवरून परतला, त्याच्यासाठी मोठमोठ्या लोकांनी लिहिलं, गव्हर्नरने डीएनए तपासायला लावलं, स्वतंत्र चौकशी नेमली. २०२३च्या सुरुवातीला अहवाल आला: दोषाचे पुरावे भरभक्कम आहेत. तो वाचून मी हिरमुसले. मग स्वतःलाच विचारलं, मी नक्की कशासाठी थांबले होते? चार जण मेले होते, त्यात दोन मुलं. त्यांना मारणारा तो नसावा एवढ्यासाठी? माझा विरोध तो निर्दोष असण्यावर टेकलेला असेल तर तो विरोध फारसा नाही. तो दोषी आहे असं धरूनही मला त्या खोलीत त्याला न्यायचं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने म्हणावं लागलं. नवऱ्यासमोर म्हटलं. तो म्हणाला, "हे तू आधी म्हणाली असतीस तर आपलं भांडण निम्मं झालं असतं."

२०२४पर्यंत सॅन क्वेंटिनची मृत्युदंडाची रांग रिकामी झाली. कैद्यांना राज्यभरच्या दुसऱ्या तुरुंगांत हलवलं, तिथे ते इतरांमध्ये राहतात, काम करतात, कमाईतला काही भाग पीडितांच्या कुटुंबांना जातो. तुरुंगाच्या नावात आता पुनर्वसन केंद्र आहे. हे सगळं करायला कायद्याचा आधार कुठला, तर प्रॉप ६६. शिक्षेला वेग यावा म्हणून माझ्या नवऱ्याने हो म्हटलेला, पिशव्यांच्या मधला तोच प्रस्ताव. त्यातल्या पाच वर्षांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्येच नुसती सूचना ठरवलं होतं. कैदी हलवण्याचं कलम तेवढं कामाला आलं. सांता क्लारा काउंटीचे सरकारी वकील जेफ रोझन एकेकाळी मृत्युदंड मागायचे, त्यांनी आपल्या काउंटीतल्या जुन्या शिक्षा बदलून मागितल्या. राज्यात मृत्युदंडाचे कैदी आता सहाशेच्या खाली आले आहेत.

न्यूसम यांची मुदत २०२७च्या जानेवारीत संपते. येणारा गव्हर्नर पहिल्याच दिवशी सवलत मागे घेऊ शकतो, नाहीतर न बोलता चालू ठेवू शकतो. दंडसंहितेचं ३६०४ कलम जागच्या जागी आहे. त्यानुसार कैद्याला गॅस की इंजेक्शन हे निवडायला दहा दिवस मिळतात, निवड लेखी कळवायची, आणि कळवली नाही तर इंजेक्शन.